फायरबॉल आणि मे महिना

ड्रॅगनच्या तोंडातून निघालेली आग आणि मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, या दोन गोष्टी एकच की वेगळ्या? प्रश्न रिकामटेकडा आहे, मान्य. पण आमच्या ग्रुपचे सलग दोन रविवार यात गेले आणि एक जण आठवडाभर फोन उचलत नव्हता. उत्तर शेवटी नियमांच्या पुस्तकात मिळालं नाही, भलतीकडेच मिळालं. ते लिहून ठेवावं म्हणून आज शनिवारी कूलर समोर ओढून बसलोय.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढलेला हा खेळ. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची (त्याला डीएम म्हणतात, आमच्यात तो मी), बाकीच्यांनी आपापलं पात्र चालवायचं, आणि जिथे पुढे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकायचे. लहानपणी आजोळी गच्चीवर झोपताना राक्षसाच्या गोष्टी ऐकल्या असतील तर निम्मा खेळ तुम्हाला येतोच. उरलेला निम्मा म्हणजे हिशेब. सॉफ्टवेअरवाले याच्या नादी का लागतात ते यावरून कळेल. आम्ही अजूनही २००३ ची 'साडेतीन' आवृत्ती खेळतो. २०१४ मध्ये पाचवी आली, २०२४ मध्ये तिची सुधारित पुस्तकं यायला लागली, पण आमच्याकडे जुन्या नियमांच्या झेरॉक्सचे गठ्ठे आहेत, स्पायरल बाइंडिंग केलेले. बाइंडिंग केलेली वस्तू टाकवत नाही.

तर मुद्दा. या खेळात 'एनर्जी रेझिस्टन्स' नावाची एक सोय आहे. आग, थंडी, वीज, ॲसिड आणि आवाज असे ऊर्जेचे पाच प्रकार. तुमच्या पात्राला 'फायर रेझिस्टन्स १०' असेल तर आगीचा जो मार बसेल त्यातून १० वजा. 'रेझिस्ट एनर्जी' नावाचा मंत्र हेच देतो: आधी १०, मंत्र टाकणारा सातव्या पातळीला पोचला की २०, अकराव्या पातळीला ३०. शत्रूने फायरबॉल टाकला, ३५ चा मार झाला, तुम्हाला लागले २५. सरळ आहे.

गंमत पुढे आहे. ही वजाबाकी प्रत्येक माराला नव्याने होते. समजा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने जाहीर केलं की प्रत्येक बिलावर १० रुपये सूट. तुम्ही ६० रुपयांचं सामान एका बिलात घेतलं तर ५० द्याल. पण दहा-दहा रुपयांची सहा बिलं करून घेतलीत तर? सगळं फुकट! फायर रेझिस्टन्सचं अगदी हेच आहे. एकदम ६० चा मार आला तर ५० लागतात. तोच मार दहा-दहाच्या सहा हप्त्यांत आला तर एकही लागत नाही. आणि परिसराचे धोके असतात सगळे हप्त्याने येणारे. जळत्या घरातली धग, तापलेली वाळू, दुपारची लू... मिनिटाला थोडं, तासाला थोडं. म्हणजे जो माणूस ड्रॅगनच्या एका फुंकरीत अर्धमेला होतो, तोच माणूस भट्टीत खुर्ची टाकून पेपर वाचू शकतो. प्रोग्रामर मंडळींनी हा बग ओळखला असेल. राउंडिंग प्रत्येक ओळीवर करायचं की शेवटच्या बेरजेवर, यावर आमच्या ऑफिसात तास-तास मीटिंगा झालेल्या आहेत.

पाचव्या आवृत्तीने वजाबाकी काढून टाकली आणि रेझिस्टन्स म्हणजे सरळ निम्मा मार असं केलं. हप्ते कितीही करा, निम्मा तो निम्माच. (अपूर्णांक सोडून देतात, त्यामुळे एक-एकचे हप्ते केलेत तर अजूनही फुकट. पण एवढी चिकाटी कोणाला आहे?)

कहर म्हणजे लाव्हा. साडेतीनच्या नियमांत लाव्हात पूर्ण बुडालात तर दर फेरीला वीस फाशांचा मार, सरासरी ७०. आणि चार ओळी खाली लिहिलंय की आगीचा रेझिस्टन्स असेल तर लाव्हापासून पूर्ण अभय. किती रेझिस्टन्स? ते लिहिलेलं नाही. म्हणजे ५ चा असला तरी खुशाल पोहायला जा. गटांगळी खाऊन मात्र मरू शकता, अशी एक सूचना जोडलीय. हे कलम लिहिणारा शुक्रवारी संध्याकाळी घरी निघायच्या घाईत असावा.

उन्हाचे नियम मात्र वेगळ्या पानावर आहेत. आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, मी सेल्सिअस करून देतो. साधारण ३२ अंशांच्या वर दर तासाला तुमच्या शरीराच्या चिवटपणाची परीक्षा, म्हणजे 'फॉर्टिट्यूड सेव्ह'. नापास झालात तर चार बाजूंच्या फाशावर जे पडेल तेवढा मार, पण तो जखमेचा नव्हे, बेशुद्धीकडे नेणारा. ४३ च्या वर हीच परीक्षा दर दहा मिनिटांनी, आणि प्रत्येक खेपेला आधीपेक्षा एकाने अवघड. ६० च्या वर नुसता श्वास घेतला तरी दर मिनिटाला खरा मार. जाड कपडे किंवा चिलखत असेल तर फाशातून ४ वजा. आणि एक बारीक कलम: हा मार सावलीत पोचल्याशिवाय, अंगावर पाणी ओतल्याशिवाय किंवा रात्र झाल्याशिवाय भरून येत नाही.

आपलं हवामान खातं मैदानी भागात ४५ अंशांना उष्णतेची लाट म्हणतं आणि ४७ ला तीव्र लाट. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने मेमधले नागपूरचे बरेचसे दिवस दर-दहा-मिनिटांच्या खात्यात. मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या दुपारी आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज होता, "अजून चार, मग श्वासाला पण फासे." :)

हौस म्हणून मी हिशेब केला. पुस्तकातला साधा गावकरी, ४ हिट पॉइंट्स, वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा वर हवेत, म्हणजे पास व्हायची शक्यता ३० टक्के, तीही दर वेळी कमी होत जाणारी. ४४ अंशांत हा माणूस साधारण अर्ध्या तासात आडवा. सीताबर्डीवर एक शर्ट घेऊन पार्किंगपर्यंत परत येईस्तोवर! नियम लिहिणाऱ्याने आमच्या इतवारीतला हमाल पाहिलेला नाही. जाड कपड्यांचं कलमही इकडे अर्धवटच लागू पडतं. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम असेल तर वाऱ्याने थंड वाटत नाही, तो वारा अंग तापवतो. म्हणून मेमध्ये डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडणारा नागपूरकर शहाणा असतो. सैल, सुती, अंगावर सावली करणारं काहीही चालतं. घामाला कोंडणारं चालत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भांडण. आमची मोहीम वाळवंटात होती. पाच दिवसांचा रस्ता, दुपारी ४५-४६. ग्रुपमधला बँकवाला सॉर्सरर खेळतो. त्याने मागच्या मोहिमेत बारा हजार सोन्याची नाणी मोजून 'रिंग ऑफ एनर्जी रेझिस्टन्स' घेतली होती, आगीची, १० वाली. तो म्हणाला, माझ्यासाठी उन्हाचे फासे टाकूच नका. चार बाजूंच्या फाशावर जास्तीत जास्त ४ पडणार, माझी अंगठी १० वजा करते. मला पाणीसुद्धा कमी द्या, मी बाकीच्यांचं सामान उचलतो.

मी नाही म्हटलं. पुस्तकात उन्हाच्या माराला कुठेही 'आगीचा मार' म्हटलेलं नाही. शिवाय उन्हासाठी वेगळा मंत्र आहे, 'एन्ड्युअर एलिमेंट्स', पहिल्या पातळीचा, एकदा टाकला की चोवीस तास, उणे ४५ पासून ६० अंशांपर्यंत माणूस आरामात. आणि त्या मंत्राखाली स्पष्ट लिहिलंय की आगीच्या मारापासून तो वाचवत नाही. दोन वेगळे मंत्र आहेत याचा अर्थ दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"काहून पण? सूर्य काय बर्फाचा आहे का बे?" सॉर्सरर.

प्रश्नात दम होता. नियमाचा आधार माझ्याकडे होता, पण 'का' याचं उत्तर नव्हतं. आग म्हणजेही उष्णता, ऊन म्हणजेही उष्णता. बारा हजारांची अंगठी एकीला अडवते आणि दुसरीला नाही, असं का? पहिला रविवार तिथेच संपला.

दुसऱ्या रविवारी आमचा क्लेरिक बोलला. हा एरवी फारसा बोलत नाही, फासे टाकतो आणि चिवडा खातो. त्याचे काका विदर्भातल्या एका गावाच्या अग्निशमन दलात होते. एका मे महिन्यात जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. कापसाची आग वरून विझते आणि आत धुमसत राहते. ढीग उपसून-उपसून पाणी मारावं लागतं. काका सकाळपासून पूर्ण पोशाखात, कोट, हेल्मेट, बूट. ज्वाळांचा भाग दीड-दोन तासांत संपला. अंगावर एक फोडसुद्धा नाही. तिसऱ्या प्रहरी, धोका टळल्यावर, ते काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. साथीदारांना वाटलं, थट्टा करून राहिले. मग पडले. कोट काढला तर अंग तव्यासारखं. तिथल्याच होजचं पाणी अंगावर मारत राहिले म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग उष्णतेला फार नाजूक असतो. काका आज चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात आणि कठडा असल्याशिवाय जिना उतरत नाहीत.

"कोट चांगला होता," क्लेरिक म्हणाला. "कोटाने आग आत येऊ दिली नाही. पण काकाची गरमी पण बाहेर जाऊ दिली नाही."

टेबलावर कोणी काही बोललं नाही. मग मी त्या आठवड्यात जे मिळेल ते वाचलं, आणि सगळं जागेवर बसलं. माणूस नुसता बसलेला असला तरी साधारण १०० वॉट उष्णता तयार करत असतो, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. अंगमेहनतीत हा आकडा चौपट-पाचपट होतो. ही उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. हवा कातडीपेक्षा गरम असली की बाहेर टाकायचा एकच रस्ता उरतो, घाम वाळणं. तो रस्ता बंद झाला की बाहेरून काही आलं नाही तरी माणूस आतून शिजतो. आग हा बाहेरून आत येण्याचा प्रश्न आहे. ऊन हा बराचसा आतून बाहेर न जाण्याचा प्रश्न आहे. एकाच गोष्टीची ही दोन टोकं नव्हेत, दिशाच उलट्या आहेत.

आणि याचा जिवंत पुरावा म्हणजे फायरमनचा पोशाख. बाहेर आग न पकडणारं कापड, मध्ये पाणी अडवणारा थर, आत उष्णता अडवणारं अस्तर. पाठीवरच्या सिलिंडरसकट सगळं मिळून वीस किलोच्या वर. खऱ्या जगातली 'फायर रेझिस्टन्स'ची याहून चांगली अंगठी नाही, आणि तीच अंगठी मे महिन्यात थर्मास होते. अमेरिकेत ड्युटीवर मरणाऱ्या फायरमन लोकांत सर्वांत मोठा वाटा भाजून मरणाऱ्यांचा नाही, हृदय बंद पडून मरणाऱ्यांचा आहे. श्रम आणि आत कोंडलेली उष्णता दोन्ही हृदयावर येतात. योगायोग बघा, देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आमच्याच गावात आहे. १९५६ साली ते रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. आग आणि ऊन यांतला फरक शिकायला देशात यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती!

साडेतीनवाल्यांनी हे ठरवून केलं की नकळत, देव जाणे, पण दोन मंत्र वेगळे ठेवले ते बरोबर केलं. पाचव्या आवृत्तीने मात्र इथे माती खाल्ली असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे १०० फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम ३८ अंशांच्या वर परीक्षा सुरू होते, पण आगीचा रेझिस्टन्स असेल तर आपोआप पास. म्हणजे काकांचा कोट घातला की ऊन लागत नाही. २०१४ च्या पुस्तकात उष्ण प्रदेशाला मुळातच सरावलेले प्राणीही आपोआप पास. नागपूरकर यात धरायचे का? सराव होतो हे खरंच आहे. आठ-पंधरा दिवस उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पण काही आठवडे एसीत काढले की हे सगळं उतरतं. हा जन्मजात गुण नाही, मुदतीचा मंत्र आहे. बंगलोरहून मेमध्ये लग्नाला येऊन भर दुपारी वरातीत नाचणाऱ्या नागपूरकरांनी याची नोंद घ्यावी.

पाचवीतलं दुसरं कलम जास्त विचार करायला लावणारं आहे. परीक्षा फक्त ज्याला प्यायचं पाणी मिळत नाही त्याला. एका अर्थी हास्यास्पद: हातात बाटली असेल तर पोलादी चिलखत घालून दिवसभर वर्धा रोडवर चाला, काही होत नाही. काकांपाशी तर पाण्याचा अख्खा टँकर होता. पण 'पाणी मिळणं' हे शब्द मी परत-परत वाचले. मिळणं म्हणजे काय? चौकात पाणपोई असणं हे एक. पण रस्त्यावर ड्युटी करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या कितीतरी बायका पाणी समोर असूनही पीत नाहीत, कारण मग जायचं कुठे? असा रकाना कुठल्याही कॅरेक्टर शीटवर नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, नागपूरने २०१६ मध्ये. त्यातली कामं बघा: आधी सूचना, पाण्याची सोय, कामाच्या वेळा हलवणं. भर दुपारी इथले काही सिग्नल बंद ठेवण्याचा प्रयोगही अलीकडे झाला, लोकांना उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून. यात रेझिस्टन्स कोणालाच दिलेला नाही. फाशांची संख्या कमी केली आहे, बस.

तर आमचे घरचे नियम आता असे. परिसराचा आगीचा मार तासाभराचा एकत्र मोजायचा आणि मग एकदाच वजाबाकी. किराणावाल्याकडे एकच बिल. लाव्हाला अभय नाही, नेहमीचा मार, नेहमीची वजाबाकी. सैल सुती कपड्यांना दंड नाही. उन्हाला अंगठी चालत नाही, आणि अंगठी घालून मेहनत केलीत तर उलट फाशातून २ वजा. या शेवटच्यावर मतदान झालं, चार विरुद्ध एक. तो एक कोण ते सांगायला नको.

आणि रात्रीचं कलम बदललं. पुस्तक म्हणतं, रात्र झाली की मार भरून येऊ शकतो. पुस्तकाने गच्चीचा स्लॅब रात्री दोन वाजता हात लावून पाहिलेला नाही. हवामान खातं आता 'उष्ण रात्री' वेगळ्या मोजतं, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही उसंत मिळाली नाही की दुसऱ्या दिवशीची परीक्षा कालच्या थकव्यासकट द्यावी लागते. त्यामुळे आमच्याकडे रात्री ३० च्या खाली उतरलं नाही तर आकडा पुसायचा नाही.

सॉर्सररने अंगठी काढली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य वर यायच्या आधीच, तो पडला. क्लेरिकजवळ मंत्र उरला नव्हता. पाणी होतं चौघांना दीड दिवस पुरेल एवढं. क्लेरिकने कोणाला न विचारता त्यातलं अर्धं त्याच्या अंगावर ओतलं आणि चादरीने वारा घालत बसला. पुढचे दोन दिवस आम्ही फक्त रात्री चाललो, दिवसा खडकाच्या सावलीत पडून राहिलो, आणि पाचही जण पोचले. फोन न उचलणारा बँकवाला पुढच्या रविवारी समोसे घेऊन आला.

आता पुढची मोहीम समुद्रकाठच्या दलदलीत आहे. तापमान फक्त ३४. सगळे खूश, म्हणतात सुटलो. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही की पुस्तकाच्या तक्त्यात दमटपणाचा रकानाच नव्हता, तो मी आता घातलाय. ओला कपडा वाऱ्यावर धरला तर तो किती अंशांपर्यंत थंड होईल, हा तो आकडा. नागपूरच्या ४५ अंशांत हवा कोरडी असते. दमटपणा १५ टक्के धरला तर हा आकडा येतो साधारण २४. म्हणून आपला कूलर चालतो, म्हणून इतवारीतला हमाल टिकतो. ३४ अंश आणि ७० टक्के दमटपणा धरा, आकडा २९ च्या वर जातो. तरुण धडधाकट माणसाचं शरीरही ३१ च्या आसपास हात टेकायला लागतं, असं २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं. ग्रुपमधला एक जण नोकरीसाठी मुंबईला गेलाय, तो लॅपटॉपवरून खेळतो. त्याला मी तक्ता दाखवला. तो म्हणाला, "इथे येताना मी कूलर घेऊन आलो होतो बे."